खोक्यांचं कार्ड आणि सीपीआयएम

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत पत्र्याचे प्रेस पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात मी प्लॅनिंग आणि स्टोअर सांभाळते. सतरा वर्षं झाली. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढे मेकॅनिकलचा डिप्लोमा. गेल्या वर्षी सीपीआयएम ही साठा आणि प्लॅनिंगची परीक्षा पास झाले आणि तेव्हापासून सातपूर-अंबडच्या ओळखीतले लोक फोन करून विचारतात, "मॅडम, करावं का? पैसे वसूल होतात का?" फोनवर दोन वाक्यांत सांगितलं की काहीतरी राहून जातं, म्हणून सगळं एकदा बसून लिहिते आहे.

आधी उत्तर देते. तुमच्या हातात रोजचं स्टोअर, खरेदी किंवा प्लॅनिंग असेल तर जरूर करा. कॉलेजमधून नुकतेच बाहेर पडला असाल आणि नावापुढे चार अक्षरं लावायची म्हणून करणार असाल, तर दोन-तीन वर्षं थांबा. पुस्तकातला प्रत्येक धडा स्वतःच्या रॅकवर लावून बघता आला, म्हणून मला तो समजला. रॅक नसता तर मी नुसती पाठ केली असती.

सीपीआयएम म्हणजे सर्टिफाइड इन प्लॅनिंग अँड इन्व्हेंटरी मॅनेजमेंट. पूर्वी यातला पी 'प्रॉडक्शन'चा होता. अमेरिकेत १९५७ साली एपिक्स नावाची संस्था सुरू झाली आणि तिने १९७३ पासून हे प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. त्याच संस्थेचं आजचं नाव एएससीएम. जुने लोक अजूनही एपिक्सच म्हणतात, त्यामुळे दोन वेगळ्या संस्था समजून गोंधळू नका. पूर्वी परीक्षा दोन भागांत असायची, आता एकच आहे: १५० प्रश्न, साडेतीन तास, सगळे बहुपर्यायी. गुण २०० ते ३५० या पट्टीवर मिळतात आणि ३०० ला पास. अभ्यासक्रमाचे आठ विभाग आहेत. धंद्याच्या धोरणापासून सुरुवात होते, मग विक्री आणि उत्पादनाचा एकत्र आराखडा, मागणी, पुरवठा, साठा, रोजचं शेड्यूल, वितरण, आणि शेवटी गुणवत्ता व तंत्रज्ञान. आपल्यासारख्यांचा जीव साठा आणि शेड्यूल या दोन विभागांत आहे.

पैशाचं स्पष्ट सांगते. परीक्षेची फी आणि अभ्यासाचं साहित्य डॉलरमध्ये असतं, त्यामुळे रुपया घसरला की आपला आकडा वाढतो. संस्थेचं सभासदत्व घेतलं तर सवलत मिळते, तो हिशोब नोंदणीच्या आधी मांडून बघा. माझे, दुसऱ्यांदा दिलेली परीक्षा आणि वाया गेलेला क्लास धरून, दोन लाखांच्या आसपास गेले. त्यातली परीक्षेची अर्धी फी कंपनीने दिली, तीही पास झाल्यावर. त्या वर्षी घरात दुसरी कुठलीच मोठी खरेदी झाली नाही, आणि ते घरच्यांनी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही.

क्लासचं नाव मी लिहिणार नाही, पण काय झालं ते सांगणं गरजेचं आहे. शनिवार-रविवारची ऑनलाइन बॅच, "पास होण्याची हमी", पस्तीस हजार रुपये. तिसऱ्या तासाला माझ्या लक्षात आलं की सरांच्या स्लाइडवर अजून 'भाग एक' आणि 'भाग दोन' आहेत. मी विचारलं, "सर, आता एकच परीक्षा आहे ना?" ते म्हणाले, "विषय तोच आहे, काळजी करू नका." विषय साधारण तोच असला तरी कुठल्या विभागाला किती वजन आणि प्रश्न कसे विचारतात, यात फरक पडतो. वितरण आणि तंत्रज्ञानावर त्यांच्याकडे जेमतेम दहा-बारा स्लाइड होत्या. पैसे परत मागितले, मिळाले नाहीत. तेव्हा पैसे भरायच्या आधी क्लासवाल्यांना एकच विचारा: तुमचं साहित्य कुठल्या आवृत्तीचं आहे? चालू आवृत्तीचा क्रमांक त्यांना चटकन सांगता आला नाही तर पुढे बोलूच नका.

क्लास सोडल्यावर मी स्वतः अभ्यासाला लागले. संस्थेचं अधिकृत साहित्य, त्यांचा शब्दकोश, आणि एनपीटीईएलवरची आयआयटीच्या प्राध्यापकांची मोफत व्याख्यानं, एवढ्यावर माझं झालं. पहाटे पाच ते साडेसहा घरी, आणि सुट्टीच्या शनिवारी गंगापूर रोडच्या एका अभ्यासिकेत. तिथे सगळी एमपीएससीची मुलं, बावीस-तेवीस वर्षांची. मी एकटीच कॅल्क्युलेटर आणि ग्राफचा कागद घेऊन बसायचे. एक मुलगा दुपारी डबा खाताना रोज विचारायचा, "ताई, आज कुठला धडा?" त्याला मराठीत समजावून सांगता आलं की मला कळायचं, आता आपल्याला आलं.

इंग्रजीची भीती बऱ्याच जणांना आहे, ती मलाही होती. माझा उपाय म्हणजे दोनशे पानी वही. डाव्या पानावर शब्दकोशातली व्याख्या जशीच्या तशी, उजव्या पानावर तीच माझ्या भाषेत. साठ्याचे प्रकार मला महिनाभर पाठ होत नव्हते. मग एकदा आईकडे सिन्नरला गेले होते, ती गच्चीवर कुरडया वाळत घालत होती, आणि सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. पावसात ऊन मिळणार नाही हे ठाऊक असतं म्हणून वैशाखात करून ठेवलेल्या कुरडया-पापड, हा अँटिसिपेशन साठा. वाण्याकडे रोज कोण जाणार म्हणून एकदाच आणलेली दहा किलो साखर, हा लॉट साइज साठा. भाव चढणार असं वाटलं म्हणून वर्षाचे गहू आत्ताच भरून ठेवले, तर तो हेज. आणि आई रोज भात टाकताना एक मूठ जास्त घेते, अचानक कोणी आलं तर असावा म्हणून, तो सेफ्टी स्टॉक. मामाने गावाहून एसटीत टाकलेली तांदळाची गोणी अजून वाटेत आहे, तो वाहतुकीतला साठा. परीक्षेत या भागातला एकही प्रश्न मला अडला नाही.

आता त्या खोक्यांबद्दल. माझ्यासाठी दोन लाखांची वसुली तिथेच झाली.

आमचा माल चाकणला जातो. रोज साधारण १२० कोरूगेटेड खोकी लागतात, दिवसाला वीस-एक वर-खाली. स्टोअरमध्ये खोक्यांच्या रॅकला एक पिवळं कार्ड अडकवलेलं असायचं, त्यावर लिहिलेलं: 'किमान १०००'. हा आकडा कोणी लिहिला ते कुणाला आठवत नव्हतं. शिल्लक हजारावर आली की स्टोअरचे काका ऑर्डर टाकायला सांगायचे. वर्षभर हे बरोबर चालायचं, आणि दरवर्षी जानेवारी ते मार्चमध्ये कधीतरी खोकी संपायची. एका फेब्रुवारीत तर माल शेजारच्या कारखान्यातून मागून आणलेल्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये भरून पाठवला. संगमनेर, आळेफाटा करत गाडी चाकणला पोचेपर्यंत पार्ट एकमेकांवर घासले, रंगाला चरे गेले आणि चारशे नग परत आले. त्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर काकांना झापलं. काकांची चूक नव्हती. त्यांनी कार्डाप्रमाणेच केलं होतं.

सेफ्टी स्टॉकचा धडा वाचल्यावर मी आणि काकांनी तीन वर्षांची जीआरएन, म्हणजे माल आल्याच्या नोंदींची, फाइल काढली. प्रत्येक ऑर्डरची तारीख आणि माल आल्याची तारीख शेजारी शेजारी लिहिली. दोन शनिवार गेले. एप्रिल ते डिसेंबर खोकी यायला सरासरी सहा दिवस लागायचे, एखादा दिवस इकडेतिकडे. जानेवारी ते मार्च सरासरी चौदा दिवस, आणि त्यात चार दिवसांचा चढउतार. कारण नाशिकमध्ये राहणाऱ्याला सांगायला नको. द्राक्षं! पिंपळगाव, दिंडोरी, निफाड, ओझर, सगळीकडे पॅकिंग सुरू असतं आणि जिल्ह्यातला प्रत्येक खोकेवाला द्राक्षाच्या पेट्या करण्यात गुंतलेला असतो. त्यात टेम्पोही मिळत नाहीत. हे आम्हाला माहीत होतं, दरवर्षी त्यावर बोलायचो, पण कार्डावर ते कधी उतरलं नाही.

मग गणित मांडलं. मागणीतला चढउतार आणि पुरवठ्याच्या दिवसांतला चढउतार, दोन्ही एकत्र धरायचे असतात. सरासरी मागणीचा अंदाज आणि प्रत्यक्ष यातली आमची सरासरी चूक रोजची १६ खोकी होती. पुस्तकाप्रमाणे तिला १.२५ ने गुणलं की स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे चढउताराचं माप, मिळतं: २०. सहा दिवसांसाठी ६ गुणिले २० चा वर्ग, हे २,४००. खोकेवाल्याच्या एका दिवसाच्या चढउतारासाठी १२० चा वर्ग, हे १४,४००. बेरीज १६,८००, तिचं वर्गमूळ १२९.६. शंभरातल्या पंचाण्णव वेळा माल कमी पडू नये म्हणून त्याला १.६५ ने गुणायचं: २१४. सहा दिवसांची मागणी ७२० त्यात मिळवली की ९३४. म्हणजे कार्डावरचा हजार एप्रिल ते डिसेंबर अगदी योग्य होता. ज्याने कोणी तो लिहिला त्याला कामाची जाण होती.

आता द्राक्षाचे महिने. १४ गुणिले ४०० म्हणजे ५,६००. १२० चा वर्ग गुणिले ४ चा वर्ग म्हणजे २,३०,४००. बेरीज २,३६,०००, वर्गमूळ ४८६, गुणिले १.६५ म्हणजे ८०२. चौदा दिवसांची मागणी १,६८० मिळवली की २,४८२. आम्ही अडीच हजाराला टाकायची ऑर्डर हजाराला टाकत होतो. कमी पडण्यावाचून दुसरं काही होऊच शकत नव्हतं.

त्या बेरजेकडे मी बराच वेळ बघत बसले. २,३६,००० पैकी २,३०,४०० एकट्या खोकेवाल्याच्या दिवसांमुळे. इतकी वर्षं मीटिंगमध्ये आम्ही प्रॉडक्शनवाल्यांना बोलत होतो की तुम्ही खोकी वेडीवाकडी वापरता, म्हणून संपतात. त्यांच्या वापराचा वाटा नाममात्र होता. मी प्रॉडक्शनच्या सुपरवायझरकडे जाऊन तसं सांगितलं. तो काही बोलला नाही, पण त्याने चहा मागवला.

आता परीक्षेबद्दल. मी पहिल्यांदा नापास झाले, २९३ गुण मिळाले. निकालाच्या कागदावर विभागवार कुठे कमी पडलो ते दिसतं, ही त्यांची चांगली सोय आहे. माझी गणितं उत्तम होती. पडले ते निर्णयाच्या प्रश्नांत. नेमके प्रश्न बाहेर सांगणार नाही असं परीक्षेआधी मान्य करावं लागतं, म्हणून फक्त प्रकार सांगते. चारही पर्याय कामाचे असतात आणि त्यातलं 'सर्वांत आधी' किंवा 'सर्वांत योग्य' काय ते निवडायचं असतं. आपण वर्षानुवर्षं माल अडकला की आधी फोन, मग गाडी, असं शिकलेले. हात सवयीने तोच पर्याय निवडतो. तिथे मात्र आधी कारण शोधा, आराखडा तपासा, अधिकार कुणाचा ते बघा, असा क्रम अपेक्षित असतो. दुसऱ्या वेळी मी प्रत्येक सराव प्रश्नापुढे दोन उत्तरं लिहायचे: 'मी काय केलं असतं' आणि 'काय करायला हवं'. महिनाभरात ती दोन उत्तरं एक होत गेली. परीक्षेसाठी लावलेली ही शिस्त नंतर कामातही टिकली, त्यामुळे नापास होण्याचं मला आज वाईट वाटत नाही. त्या दिवशी मात्र वाटलं होतं, परतीच्या गाडीत कसाऱ्यापर्यंत मी कुणाशी बोलले नाही.

परीक्षा घरून ऑनलाइनही देता येते. पण साडेतीन तास वीज, नेट आणि शांतता, तिन्ही एकदम मिळतील याची खात्री मला आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या घरी देता येईना, म्हणून दोन्ही वेळा मुंबईचं केंद्र घेतलं. नाशिकरोडहून सकाळची पंचवटी, दादरला उतरायचं, दुपारची वेळ. आदल्या दिवशी जाऊन राहायची गरज पडली नाही. केंद्रात घड्याळ, पाकीट, मोबाइल सगळं लॉकरमध्ये ठेवावं लागतं, कॅल्क्युलेटर पडद्यावरचाच वापरायचा, कच्च्या गणितासाठी पुसता येणारा फळा मिळतो. आकडेमोड पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरवर करायची सवय आधीपासून लावा, हातातल्या यंत्राची सवय तिथे उपयोगाची नाही. निकाल उठल्याबरोबर हातात मिळतो. दुसऱ्या वेळी ३०९ होते. मी आधी आईला फोन केला आणि मग काकांना.

एक गोष्ट विशेषतः बायकांसाठी. नोंदणीतलं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी अक्षरशः जुळावं लागतं. आपलं आधारवर एक, पासपोर्टवर एक, कंपनीत माहेरचं असं असतं. मी खातं उघडताना मधलं नाव टाकलं नव्हतं आणि पासपोर्टवर ते होतं. वेळेत लक्षात आलं, मेल करून दुरुस्त झालं. परीक्षेच्या दिवशी दारात कळलं असतं तर फी आणि दिवस दोन्ही गेले असते.

स्टोअरमध्ये आणखी काय बदललं? दरवर्षी ३१ मार्चला कारखाना बंद ठेवून आम्ही मोजदाद करायचो. आता सायकल काउंट करतो, रोज थोडे नग मोजायचे. ए वर्गातले महाग नग वारंवार, सी वर्गातले वर्षातून एकदा. नोंद आणि मोजणी यांतल्या फरकाची मर्यादाही पुस्तकात दिली आहे: ए वर्गाला ०.२ टक्के, बी ला १ टक्का, सी ला ५ टक्के. पहिल्यांदा शंभर प्रकारचे नग मोजले तेव्हा या मर्यादेत फक्त एकाहत्तर बसले. खोदून पाहिलं तर रात्रपाळीत चिठ्ठीशिवाय अर्धी पेटी उचलली जात होती. मुलांचा हेतू वाईट नव्हता, रात्री स्टोअरला माणूसच नसायचा. आता खिडकीत एक वही आणि दोरीला बांधलेलं पेन असतं. गेल्या तिमाहीत शंभरात चौऱ्याण्णव जुळले.

शेड्यूलचंही सांगते. पुस्तकात शेड्यूलचे तीन पट्टे सांगितले आहेत: जवळचे दिवस गोठलेले, त्यापुढचे अर्धवट गोठलेले, त्यापुढचे वाहते. आमच्याकडे मार्केटिंगचे साहेब संध्याकाळी सहाला उद्याचा प्लॅन बदलायला सांगायचे आणि आमचा १६० टनी प्रेस, ज्यावर सगळा कारखाना अडतो, तो डाय (साचा) बदलण्यातच दोन तास घालवायचा. मी भिंतीवर तीन रंगांचा तक्ता लावला. जवळचे तीन दिवस लाल, त्यांत बदल हवा असेल तर मालकांची सही. महिन्याभरात लालमधले बदल दिवसाआड एकवरून आठवड्याला एकवर आले. साहेब सुरुवातीला रागावले होते. नंतर त्यांनी स्वतःच गिऱ्हाइकाला तो तक्ता पाठवला.

उणिवाही आहेत. हा अभ्यासक्रम मोठ्या कंपनीत बसून लिहिलेला आहे. खरेदीचा किफायतशीर लॉट काढायचं सूत्र, जे फोर्ड हॅरिस यांनी १९१३ साली मांडलं, ते सुंदर आहे, मी घरच्या तेलाच्या डब्यालाही लावून बघितलं. पण आमच्यासारख्या कारखान्यात पत्र्याची कॉइल किती घ्यायची हे बँकेची मर्यादा आणि गिऱ्हाइकाचे पैसे कधी येतात यावर ठरतं. कायद्याने लघुउद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांत मिळायला हवेत. प्रत्यक्षात काय होतं ते अंबडमधला प्रत्येक जण जाणतो. पैसा अडकलेला असताना प्लॅनिंग कसं करावं, यावर आठही विभागांत मला पुरेसं काही सापडलं नाही. जीएसटी, ई-वे बिल या आपल्याकडच्या गोष्टी तर नाहीतच, ते अपेक्षितही नव्हतं. आणि सगळीकडे मोठी ईआरपी प्रणाली, म्हणजे सगळा कारभार एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर, गृहीत धरली आहे. आमच्याकडे टॅली आणि एक्सेल. एमआरपीचा, म्हणजे कुठला माल कधी आणि किती लागेल त्याचा, तक्ता मी एक्सेलमध्येच उभा केला, चालतो.

पगाराचं विचारतात म्हणून सांगते. वार्षिक वाढीत थोडा फरक पडला, डोळ्यांत भरेल असा नाही. नाशिकच्या लहान कारखान्यांत मालकांना हे नाव माहीत नसतं, समजावून सांगावं लागतं. चाकणच्या गिऱ्हाइकाच्या ऑडिटला मात्र त्यांच्या माणसाने भिंतीवरचा प्रमाणपत्राचा कागद पाहिला आणि पुढचा तासभर तो माझ्याशी बरोबरीने बोलला. आधीच्या ऑडिटला तोच माणूस प्रश्न साहेबांना विचारायचा आणि उत्तर मी द्यायचे.

खरेदी ते गिऱ्हाईक असा पूर्ण पट हवा असेल तर त्याच संस्थेचं सीएससीपी आहे, गोदाम-वाहतुकीत असाल तर सीएलटीडी. पैसे अजिबात घालायचे नसतील आणि गणिताची आवड असेल तर एमआयटीचे पुरवठा साखळीवरचे मायक्रोमास्टर्सचे पाच ऑनलाइन अभ्यासक्रम नुसते बघता येतात. त्यातल्या पहिल्याची व्याख्यानं मी पाहिली, अवघड पण फार चांगली आहेत. कारखान्यातल्या माणसाला मी तरी सीपीआयएमच सांगेन. प्रमाणपत्र टिकवायला दर पाच वर्षांनी ७५ गुणांएवढं शिक्षण किंवा काम दाखवावं लागतं, तेवढी तयारी ठेवा.

आता खोक्यांच्या रॅकला दोन कार्डं आहेत. पिवळ्यावर १०००. हिरवं डिसेंबरच्या मध्याला लागतं आणि मार्च संपला की उतरतं, त्यावर २५००. नोव्हेंबरातच खोकेवाल्याकडे जाऊन तीन महिन्यांचा आमचा आकडा लिहून देते, म्हणजे द्राक्षाच्या पेट्यांच्या गर्दीत तो आमच्यासाठी जागा ठेवतो. यंदाच्या फेब्रुवारीत त्याची गाडी सतराव्या दिवशी आली. मी धावत स्टोअरमध्ये गेले. काकांनी आधीच मोजलं होतं आणि हिरव्या कार्डावर तारखेपुढे आपल्या ठसठशीत अक्षरात शिल्लक लिहिली होती: ४३०.